बोळक्या तोंडाचा जमाखर्च

लासूर स्टेशन,
डिसेंबर २०२५

चि. सौ. बेबीस,

त्या दातवाल्याला पैसे देऊ नकोस. विसार दिला असशील तर तो बुडीत खाती टाक, पण त्याच्या खुर्चीत बसू नकोस. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं पाहुण्यांना विचारतेस. शिवाय यात आकडे आहेत, आणि आकडे कागदावर असलेले बरे. जन्म आडतीच्या गादीवर गेला, ही खोड आता जायची नाही.

तुझा हिशेब मला कळला. लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५००, असे चार हप्ते म्हणजे ६,०००. तेवढ्यात वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या. खालचे पाच-सहा हलतात ते सकाळी उपटायचे, लगेच माप, आणि दिवेलागणीला दात घालून घरी. पोरांपुढे हात पसरायला नको, कुणाची रजा पडायला नको. बेरजेत चूक नाही. पण सकाळी उपटलेल्या हिरडीचं माप फार दिवस टिकत नाही. दात गेला की त्याला धरून असलेलं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त झिजतं आणि पुढे जन्मभर थोडं थोडं झिजत राहतं. खालच्या जबड्याचं तर वरच्याच्या चौपटीच्या आसपास. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी उन्हाळ्यापर्यंत तोंडात नाचायला लागणार. शिकलेले डॉक्टरही कधी कधी दात काढल्याबरोबर कवळी देतात, नाही असं नाही. पण ती तात्पुरती म्हणून देतात आणि हिरडी भरून आल्यावर आतलं अस्तर बदलायला बोलावतात. तुझा माणूस तेव्हा कोणत्या गावच्या बाजारात असेल हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि तो वापरतो काय? भुकटी आणि पातळ औषध कालवून केलेलं प्लॅस्टिक, जे काही मिनिटांत तोंडातच घट्ट होतं. घट्ट होताना ते तापतं, आणि त्यातलं न मुरलेलं रसायन मागे हिरडीला झोंबत राहतं. एखादा दात शिल्लक असेल तर त्याला तारेने बांधून टाकतात, म्हणजे तोही जातो. आपल्या यार्डातल्या एका हमालाने अशीच कवळी करून घेतली होती. वरची सुटायला लागली तेव्हा त्याच कारागिराने ती टाळूला धरून राहावी म्हणून आतल्या बाजूला रबराची चकती लावून दिली. चकती धरते हे खरं. धरता धरता ती टाळू खात जाते. पुढे पुढे त्या बिचाऱ्याने तांब्या तोंडाला लावला की पाणी नाकातून यायचं. हे मी नंतर एका शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. दातांचं काम करायला नोंदणी लागते असा कायदा १९४८ सालापासून देशात आहे. बाजाराच्या दिवशी तो कुठे असतो कोण जाणे.

आता चांगल्या कवळीचा भाव. मी छत्रपती संभाजीनगरला तीन-चार ठिकाणी विचारलं. कांद्याच्या लिलावातही एवढी तफावत नसते. १२,००० पासून सुरू, ते थेट ४०,००० पर्यंत. एवढा फरक कशाचा, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी दातांच्या कंपनीचं नाव ऐकवतात. परदेशी दात, थराथरांचे दात, न झिजणारे दात. त्यात तथ्य नाही असं नाही. हलके प्लॅस्टिकचे दात काही वर्षांत घासून सपाट होतात, चांगले जास्त टिकतात. पण या दोन टोकांमधला खरा फरक त्या दातांच्या किमतीत मला काही सापडला नाही. तो कुठे आहे ते पुढे सांगतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे हाडात स्क्रू. टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी हेरलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवलं. खालच्या जबड्यात असे दोन स्क्रू घालायचे आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी दाबून बसवायची, मग ती हलत नाही. २००२ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठरवलं की बोळक्या झालेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती हीच असावी. मला याचा भाव लाखाच्या वर सांगितला गेला. त्या तज्ज्ञांचं चुकलं असं मी म्हणत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० घेणारा माणूस त्या बैठकीत कुणाच्या डोळ्यांसमोर नसावा, एवढंच.

तर भाव ऐकून मी घरी आलो आणि बराच काळ तसाच, बोळक्या तोंडाने, राहिलो. तसं राहणं म्हणजे काय, हे तुला वर्षभरात कळेल, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं बोळक्या माणसाला मऊ खायला घातलं की झालं. भाकर दुधात कुस्करायची, वरणात कुस्करायची, ताकात कुस्करायची. पहिले पंधरा दिवस बरं वाटतं. नंतर ध्यानात येतं की ताटातलं सगळं एकाच चवीचं झालंय. बाजरीची भाकर दाताखाली मोडते तेव्हा ती बाजरीची. भिजली की नुसता लगदा. हिरवी मिरची, कांदा, काकडी, गाजर, पेरू, शेंगदाणे, फुटाणे एकेक करून पानातून उठून गेले. कोशिंबीर गेली, मटकी गेली, मटणाचा नुसता रस्सा राहिला. उरला भात, खिचडी, चहात बुडवलेली बिस्किटं. म्हणजे पीठ आणि साखर. मग साखर वाढली म्हणून डॉक्टर भात कमी करा म्हणतात. मग खायचं काय? तुझ्या वहिनीने माझ्यासाठी दोन वर्षं वेगळं पातेलं चढवलं, आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. पण त्या पातेल्याचा गॅस, तिचा वेळ, हे कुठल्या खाती मांडायचं? कवळी महाग म्हणणारा हा खर्च धरतच नाही.

दुसरं नुकसान माझ्या रोजगाराचं. वय झालं तरी मी हंगामात गादीवर बसत होतो, हिशोबपट्ट्या लिहायला आणि व्यापाऱ्यांना फोन करायला. दात गेल्यावर फोनवर माझे आकडे समोरच्याला कळेनात. ‘सतराशे’ म्हटलं की पलीकडून ‘किती? किती?’ मालक भला माणूस आहे, त्याने काही बोलून दाखवलं नाही. फक्त फोन माझ्या हातून मुलाच्या हातात गेला, आणि फोनबरोबर निम्मा पगार गेला. त्या पगाराचे वर्षभराचे पैसे मांड आणि त्याखाली कवळीची किंमत मांड. कवळी स्वस्त निघते. पण ती किंमत एकदम मोजायची असते आणि नुकसान हप्त्याहप्त्याने होतं, म्हणून आपल्यासारखी माणसं नुकसानच पत्करतात.

नातू मोबाइलवर इंग्रजी वाचून दाखवतो. त्यातली एक गोष्ट तुला सांगतोच, मुनीम म्हणून मला ती विसरता येत नाही. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन १७८९ मध्ये शपथ घ्यायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात होता. त्यांची कवळी लाकडाची होती असं लोक सांगतात, ते खोटं. ती हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, माणसांचे दात आणि धातूच्या स्प्रिंगा यांची होती. माणसांचे दात कुठून आले? त्यांच्या मळ्याच्या खर्चवहीत १७८४ ची एक नोंद आहे: गुलामांना नऊ दातांबद्दल ६ पौंड २ शिलिंग रोख. हेच नऊ दात मालकाच्या तोंडात गेले की दुसरीकडे, ते वही सांगत नाही. पण वहीने एवढं तरी लिहून ठेवलं. पुढे रबराच्या कवळ्या आल्या, आणि १९३० च्या दशकात आजचं हे गुलाबी प्लॅस्टिक आलं, तेव्हा कुठे कवळी साध्या माणसाच्या आवाक्याच्या जवळपास आली.

मला रस्ता सापडला तो आडतीवरच. आमच्याकडे मका घालणाऱ्या एका शेतकऱ्याची मुलगी शहरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकते. घाटीच्या दवाखान्याच्या परिसरातच ते आहे, पाणचक्कीपासून लांब नाही. ती बापाबरोबर आली होती. माझं तोंड बघून म्हणाली, ‘काका, तुम्ही आमच्याकडे का येत नाही? आम्हाला तुमच्यासारखे पेशंट हवेच असतात.’ मला आधी ती थट्टा वाटली. पण खरंच तसं आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पूर्ण कवळ्या करून दाखवाव्या लागतात, परीक्षेलाही असा पेशंट लागतो. त्या दिवसांत बोळक्या तोंडाला जो भाव येतो तो आपल्या यार्डात कापसाला कधी आला नाही. फी खासगीच्या मानाने किरकोळ. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत सरकारी दंत महाविद्यालय हे एवढंच. मुंबई आणि नागपूर धरून राज्यातली जुनी तीन, त्यातलं एक. हिंगोलीचा, धाराशिवचा म्हातारा तिथे कसा पोचत असेल याचा विचार करून बघ. आपल्याला चाळीसेक किलोमीटर जायला जिवावर येतं.

तिथे काय करतात ते सविस्तर लिहितो, कारण संध्याकाळपर्यंत दात देणारा माणूस यातलं काय काय गाळतो ते तुला कळावं.

आधी साधं माप. लोखंडी पात्यात मऊ मसाला भरून तोंडात दाबतात, त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओततात. हे बाजारवालाही करतो आणि तिथेच थांबतो. इथे मात्र त्या प्लॅस्टरच्या जबड्यावरून फक्त तुझ्या तोंडाचं असं वेगळं पातं बनतं. पुढच्या वेळी त्या पात्याच्या कडेला हिरव्या रंगाची एक कांडी ज्योतीवर मऊ करून लावतात आणि तोंडात ठेवून सांगतात: ओठ पुढे काढा, गाल फुगवा, आऽ करा, जीभ बाहेर काढा, उजवीकडे, डावीकडे, गिळा. गाल आणि जीभ जिथपर्यंत हलतात तिथपर्यंतच कवळीची कड यावी म्हणून हे. कड लांब झाली तर टोचते आणि जीभ तिला उडवते. आखूड झाली तर आत हवा शिरते आणि कवळी सुटते. माझ्या खालच्या जबड्यावर ती मुलगी अख्खी सकाळ बसली होती. तिच्या सरांनी येऊन बघितलं, ‘पुन्हा घे’ म्हणाले, आणि तिने पुन्हा घेतलं. खासगीत हा वेळ कोण देणार? आणि दिला तर त्याचे पैसे का घेऊ नयेत? १२,००० आणि ४०,००० मधला खरा फरक मला त्या खुर्चीत सापडला. तो या वेळेचा असायला हवा. जिथे तो नुसता कंपनीच्या नावाचा असतो तिथे आपण फसतो.

मग मेणाच्या कडा घालून जबडा किती मिटायचा ते ठरवतात. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पेनाने ठिपके देतात आणि मधलं अंतर मोजतात. ते कमी धरलं तर चेहरा चेपलेला दिसतो, जास्त धरलं तर बोलताना दात दातावर वाजतात. मग मेणातच दात रोवून तोंडात घालून दाखवतात. आरशात बघितलं तर आपले वैजापूरचे मामा! तेच पुढे आलेले दोन दात, तीच मिशी. मी पांढरेशुभ्र दात मागितले होते, तर मुलगी म्हणाली, ‘काका, सत्तरीच्या चेहऱ्यावर ते उसने दिसतील.’ तिने पिवळसर छटा लावली. तिचंच बरोबर होतं. ही वेळ महत्त्वाची आहे, बेबी. मेण आहे तोवर दात हलवता येतो. एकदा ते साच्यात घालून गरम पाण्यात तासन्‌तास शिजवलं की जे झालं ते झालं. तेव्हा मेणाच्या दिवशी लाजू नकोस, पाहुण्यांना बरोबर घे, हसून बघ, बोलून बघ, आवडलं नाही तर तिथेच सांग.

कवळी हातात आली की काम संपलं असं समजून लोक जातात ते परत फिरकत नाहीत. पहिल्या आठवड्यात खालची टोचतेच. हिरडीवर लाल वळ उठतो, तेवढीच जागा घासून द्यावी लागते. पुन्हा दुसरीकडे टोचते, पुन्हा घासायची. ज्याला या फेऱ्या परवडत नाहीत तो ती खिशात ठेवतो. आपल्या गावात कितीतरी कवळ्या अशा खिशात, कोनाड्यात, देवळीत आहेत. लग्नाला निघताना तेवढ्या घालायच्या आणि पंगत बसली की काढून रुमालात बांधायच्या.

म्हणून मी म्हणतो की आपल्याला कवळीपेक्षा फेऱ्या महाग पडतात. फी एकदा भरली की सुटलो, पण फेरी दर वेळी मोजावी लागते. जायला-यायला भाडं, स्टेशनवरून रिक्षा, दुपारचा चहा, बरोबर येणाऱ्याचा बुडालेला दिवस. तुला एसटीत बायकांचं अर्धं तिकीट, मला वयाचं अर्धं. रेल्वेने म्हाताऱ्यांची सवलत २०२० मध्ये बंद केली ती अजून सुरू केलेली नाही, तरी साधी गाडी मिळाली तर तीच स्वस्त. दात काढायला तालुक्याला गेलं तरी भागतं, काढून देणारे तिथे आहेत. बसवायला जिल्ह्याला जावं लागतं.

सरकारकडून काही मिळतं का, हे तू विचारशीलच. महात्मा फुले जन आरोग्य योजना इस्पितळात दाखल होणाऱ्यांसाठी. दात नाहीत म्हणून कुणी दाखल होत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये निघाली, ६५ पूर्ण झालेल्यांच्या खात्यात एकदाच ३,००० येतात. तिच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा, कमरेचा, मानेचा पट्टा, आणि शेवटी ‘इत्यादी’. मान धरून ठेवायची सोय झाली, त्या मानेवरच्या तोंडात घास जावा ही सोय ‘इत्यादी’त. माझे ३,००० चष्म्याला गेले. तुला अजून ६५ व्हायची आहेत.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची आहे, साठीपुढच्या गरिबांसाठी. तिच्या यादीत कृत्रिम दात चक्क नाव घेऊन आहेत. तेव्हा तुमच्याकडे शिबिर लागलं तर नाव नोंदव. पण एक अडचण मला यादी वाचतानाच दिसली. काठी, वॉकर, व्हीलचेअर हे कानपूरच्या सरकारी कारखान्यातून ट्रकने येऊ शकतं, मैदानात मांडव घालून पुढाऱ्याच्या हस्ते वाटता येतं. काठी उंचीप्रमाणे खालीवर करता येते. कवळी वाटता येत नाही. ती एकाच तोंडाची असते आणि त्या तोंडाला पुन्हा पुन्हा खुर्चीत बसावं लागतं. ज्या योजनेत खुर्ची नाही, डॉक्टर नाही आणि पाच-सात वेळा येण्याचं भाडं नाही, तिच्या यादीत दात असून उपयोग काय? शेजारच्या कर्नाटकाने हे ओळखलं. त्यांनी ‘दंतभाग्य’ नावाची योजना काढली, गरीब म्हाताऱ्यांना मोफत कवळी, आणि ते काम सोपवलं दंत महाविद्यालयांकडे, खासगीसुद्धा. आपल्या राज्यात खासगी दंत महाविद्यालयं डझनावारी आहेत, त्यांच्याही मुलांना बोळकी तोंडं हवी असणार. दोघांची गाठ घालून एसटीचा पास दिला तर काम होईल. हे मी एका पुढाऱ्याला बोलून दाखवलं. त्याने हसून पान पुढे केलं. मी म्हटलं, साहेब, कुटून द्या.

हा प्रश्न फक्त आपल्या गरिबीचा आहे असंही समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साठीपुढच्या शंभरातल्या २३ जणांना एकही दात नाही. इंग्लंडने १९४८ मध्ये सगळ्यांना औषधपाणी फुकट केलं तेव्हा कवळ्या आणि चष्मे यांच्यावर लोकांची अशी झुंबड उडाली की सरकारचा अंदाज कोलमडला. वर्षानुवर्षं लोक तसेच चालवत होते, ते सगळे एकदम आले. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या-चष्म्यांना पैसे लावायचं ठरवलं, तर ज्याने ती योजना उभी केली त्या बेव्हन नावाच्या मंत्र्याने राजीनामा दिला. कवळीवरून मंत्रिपद सोडणारा माणूस! मला तो फार आवडला.

आता तुला टोचेल असं एक लिहितो. महाविद्यालयातल्या बाकावर माझ्या बरोबरीचे म्हातारे बरेच दिसायचे, बाया कमी. म्हणजे बायांचे दात जात नाहीत असं थोडंच आहे? मिश्रीने तर लवकर जातात. तव्यावर तंबाखू जाळायची, सकाळ-दुपार हिरडीला घासायची. दुखणं बधिर होतं म्हणून ती औषध वाटते, आणि खालून हिरडी सुटत जाते. आई, आत्या, तुझी वहिनी, तू. पण बाईच्या बोळक्याला पदर असतो. आई शेवटची कितीतरी वर्षं पदर तोंडाशी धरून बोलायची, आणि आपण म्हणायचो, केवढी मर्यादा! पंगतीत ती सगळ्यांच्या मागून, एकटी जेवायची. काय खात होती ते आपण दोघांनी कधी पाहिलं नाही. तुझ्या पत्रात ‘या वयात दात कशाला, पण लोक हसतात म्हणून’ असं वाक्य आहे. लोकांचं सोड. तुला भाकर चावता यावी म्हणून दात बसव. बासष्टाव्या वर्षी पुढे वीस वर्षं खिचडी खायची तयारी कशाला करतेस?

पण खोट्या आशेवरही राहू नकोस. कवळी म्हणजे दात नव्हेत. चांगल्यात चांगल्या कवळीने आपल्या मूळच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच जोर लागतो. वरची टाळूला चिकटून बरी राहते. खालची जिभेच्या आणि गालाच्या मेहेरबानीवर. पहिले काही दिवस तोंडात कुणी परकं येऊन बसल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, ‘स’ आणि ‘फ’ फिसकटतात. मी रोज मोठ्याने पेपर वाचायचो, बाजारभावाचं पान आधी. घास लहान, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. पुढच्या दातांनी तोडायला गेलं की मागून कवळी उचलते, म्हणून पेरू चिरून, कणीस सुरीने दाणे काढून. ऊस नाही तो नाहीच. पण भाकर येते, वांग्याचं भरीत येतं, मटण येतं, आणि परवा मळ्यात हुरडा खाल्ला, कोवळा बघून. रात्री काढून पाण्यात ठेवायची, साबण-ब्रशने घासायची, गरम पाण्यात कधी टाकायची नाही, वाकडी होते. काही वर्षांनी हाड झिजतं तसं अस्तर बदलावं लागेल, तेव्हा त्याचे पैसे आत्तापासून बाजूला ठेव.

तर आता ठरवू. संक्रांत झाली की ये. वर तर आधीच काही नाही; खालचे जे पाच-सहा आहेत ते तिथे दाखवायचे, आणि उपटण्याआधी एक प्रश्न विचारायचा, जो तो बाजारवाला कधी विचारणार नाही: यातल्या एक-दोन सुळ्यांची मुळं ठेवता येतील का? मूळ घट्ट असेल तर त्याची नस साफ करून, वरून कापून, त्याच्यावर कवळी बसवता येते. मूळ राहिलं की तिथलं हाडही राहतं आणि खालची कवळी कमी नाचते. नाही म्हणाले तर नाही. मग दात काढून दीड-दोन महिने, ते सांगतील तितकं, हिरडी भरू द्यायची आणि मग माप. होळीच्या पुढेमागे काम सुरू होईल. मधल्या काळात मनमाडला घरी जाऊन ये, पण माप सुरू झाल्यावर इथेच राहा. मनमाडहून फेऱ्या घालण्यापेक्षा लासूरहून घातलेल्या बऱ्या. बरोबर मी येईन, मला तिथली खिडकी, बाक आणि चहावाला सगळे ओळखतात. तुझे ६,००० फीला आणि भाड्याला पुरावेत. कमी पडले तर मी आहे, आणि ते मी वहीत लिहिणार नाही.

येताना आधार कार्ड, रेशन कार्ड आण, साखरेची फाईल आण आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी आण. रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर दात काढण्याआधी सांगावंच लागतं. मिश्रीची डबी मात्र तिकडेच राहू दे. वहिनीने बंद केली आहे असं ती म्हणते. तू आणलीस तर दोघींची पुन्हा सुरू होईल.

इकडे मक्याची आवक बरी आहे, भावाचं विचारू नकोस. पाहुण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी केलंस का? नसेल तर आधी ते कर. आधार कार्डावरचं आणि बँकेतलं नाव एकच आहे का तेही बघून घे. तुझ्या पासबुकावर माहेरचं आडनाव होतं असं मला आठवतं.